कापूस लागला की हात दाब

॥ श्री ॥
शिरपूर, ता. १९ जानेवारी १९५६, गुरुवार

जतन,

हे पत्र सोनीबाई आणून देईल. तिला आधी पाणी दे, मग उघड. टपालाने पाठवले असते तर दुकानाच्या पत्त्यावर गेले असते आणि तुझ्या खेमचंदजींच्या आधी तुझ्या सासूबाईंनी कुणाकडून तरी वाचून घेतले असते. सोनीबाई तांड्यावरून डिंक घेऊन दर बाजाराला तुमच्या केनवडला जाते. तिला वाचता येत नाही, आणि पोटात ठेव म्हटले की ती ठेवते.

सव्वा वर्ष झाले, तू या घरात पाऊल टाकले नाहीस. तुझे दादा म्हणतात, दुकानदाराच्या घरची सून आहे, सवड मिळत नसेल. मी हो म्हणते. तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. त्याबद्दल आज नाही.

आज लिहायचे ते एवढेच. नार्वेच्या डॉक्टरीणबाई चोवीस मार्चला मुंबईहून बोटीत बसणार. कायमच्या. आपल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या शेडमध्ये दर बुधवारी त्यांचे महारोगाचे शिबिर भरते, ते त्याआधीच मिटेल. मग अमरावतीकडच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन राहावे लागते, आणि तिकडे तुला कोण पाठवणार? तू एका बुधवारी ये. पार्श्वनाथाच्या दर्शनाला म्हणून निघ. देवाला नाही कोणी म्हणणार नाही.

का, ते लिहिते. मागच्या बाजाराला सोनीबाई तुमच्या मागल्या दारी आली होती, आठवते? तू चुलीपाशी होतीस. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "बाई, जतनबाईचं बोट तव्यावर टेकलं होतं अन् त्या माह्यासंग डिंकाचा भाव करून राह्यल्या होत्या. कातडं पांढरं झालं तरी त्याईले पत्ता नाई. करंगळी बी वाकून राह्यली. मी वळखलं. माह्या पायाचं असंच सुरू झालं होतं."

तिच्या पायाची दोन बोटे गेली आहेत, तू पाहिलीस. ती उगीच बोलणार नाही.

मी घाबरवायला लिहीत नाही. वेळेवर आले तर या रोगावर आता गोळ्या आहेत. वेळेवर हा शब्द डॉक्टरीणबाई फार वेळा उच्चारतात. त्यांचे मराठी अजून तसेच आहे, मिशनच्या शाळेत पुस्तकावरून शिकलेले. परवा शेडच्या दारात म्हैस आडवी उभी राहिली तर तिला म्हणाल्या, "आपण जरा बाजूला व्हाल का?" बायका पदरात तोंड घालून हसत होत्या.

दूध उतू जाते आहे, उठते.

आले. बुधवारी सकाळपासून मी मोटार थांबते तिथे उभी असेन. पहिलीने आलीस तर दुसरीने परत जाता येईल. डावा हात चुलीपासून दूर ठेव. भांडे उचलताना फडके घे, आणि हाताकडे बघून उचल.

तुझी भाभी


शिरपूर, ता. २८ जानेवारी १९५६, शनिवार

जतन,

बुधवारी तिन्ही मोटारी पाहिल्या. शेवटच्या मोटारीतून एक नवरदेव उतरला आणि दोन बकऱ्या.

तुझा निरोप काल मिळाला. सोनीबाईने तुझ्याच आवाजात सांगितला: "भाभीले सांग, याच डाक्टरनीनं लग्नाआंधी माहा हात पाह्यला अन् कार्डावर साफ लिवलं. आता पुन्हा कायले बोलावून राह्यल्या? घरात घेताना भेव वाटते, अन् दवाखान्यात घेताना नाई वाटत?"

शेवटले वाक्य मी सोनीबाईकडून दोनदा म्हणवून घेतले. ते मला लागले, आणि लागायलाच हवे होते.

पण तू त्या कार्डावर विसंबून आहेस. म्हणजे आता मला त्या कार्डाबद्दल लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. आधी थोडे बाईंबद्दल लिहू दे. मी टाळते आहे हे मला कळते, तरी लिहू दे.

त्यांचे नाव रागना टोरसेट. नार्वेच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही, अशा एका बेटावर जन्म. वडील मासे धरायचे. आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही हे कळल्यावर त्यांनी मला विचारले, "मग आपण आमच्या गावी काय केले असते?" मी ते गमतीत घेतले नाही. चातुर्मासात साध्वीजी आल्या तेव्हा त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, तिथे जन्म घ्यायचाच कशाला. हे बाईंना सांगितले तर त्या इतक्या हसल्या की जगदेव कंपाउंडर बाहेरून धावत आला.

डॉक्टर झाल्यावर त्यांनी नसांच्या रोगांचे शास्त्र घेतले. त्या खात्यात तोवर बाई नव्हती. बर्गन शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितले की पुरुषांच्या वॉर्डात बाई चालणार नाही. पण गावाच्या कडेला एक जुने इस्पितळ होते, त्यात त्या देशातले शेवटचे महारोगी होते. अकरा जण, सगळे म्हातारे. तिथे कोणालाच जायचे नव्हते, म्हणून तिथे बाई चालली. नऊ वर्षे त्यांनी त्या अकरा जणांचे हातपाय तपासले. कापसाचा बोळा, टाचणी, ऊन पाण्याची नळी, गार पाण्याची नळी. बहुतेकांचे ऊन-गार आधी जाते, मग स्पर्श, दुखणे शेवटी. कुठली नस आधी सुजते, कुठले बोट आधी वाकते, सगळे नकाशासारखे कार्डांवर काढले. पहिल्या वर्षी सभेत तो निबंध मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच वाचला, बाई मागच्या बाकावर. दुसऱ्या वर्षी कुणी परदेशी डॉक्टराने प्रश्न विचारला आणि मोठ्या डॉक्टरांना उत्तर येईना. तेव्हा बाई मागून उठून बोलल्या. त्यानंतर त्या पुढे बसू लागल्या. आज या रोगातल्या नसांविषयी बोलायचे झाले तर दूरदूरचे डॉक्टर त्यांना पत्र लिहून विचारतात.

मग लढाई आली. बंदरात दारूगोळ्याचे जहाज फुटले आणि त्या आगीत त्यांची कार्डे गेली. म्हातारे तोवर वारले होते. पुन्हा तपासायला त्या देशात महारोगी उरलाच नव्हता. "माझ्या देशाचे भाग्य," त्या म्हणतात, "आणि माझी अडचण." म्हणून चौपन्नाव्या वर्षी त्या इकडे आल्या, सगळे पहिल्यापासून मांडून त्याचे पुस्तक लिहायला. सोनीबाईने एकदा विचारले, "नवरा नाई, लेकरू नाई, मंग हे कोनासाठी?" बाई म्हणाल्या, "आपल्या पायासाठी."

आता लिहिते.

आपल्या बायका परक्यासमोर तोंड उघडत नाहीत. कापूस लागला का विचारले की पदर आणखी खाली ओढतात. पहिले पंधरा दिवस बायकांची कार्डे कोरी राहिली. दुकानाच्या वहीतले माझे अक्षर पाहून बाईंनी मला कार्डे लिहायला बसवले होते, तेव्हा मीच तोड सुचवली. नव्या सुना मोठ्यांपुढे न बोलता जावेचा हात दाबून हो-नाही सांगतात, तसेच करायचे. एक हात बाईंपुढे, दुसरा माझ्या हातात. डोळे मिटायचे. कापूस लागला की माझा हात दाबायचा, मी मान हलवायची, बाई खूण करणार. बोलायचे कोणी नाही.

तू बसलीस तेव्हा बाई गल्लीगल्लीने सगळ्यांचेच हात तपासत होत्या. तुझ्या लग्नाला अकरा दिवस होते. डाव्या हाताच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपासून मनगटापर्यंत, त्यांनी बारा ठिकाणी कापूस टेकवला. तुझे डोळे मिटलेले होते. तू माझा हात सात वेळा दाबलास. मी मान बारा वेळा हलवली.

पत्रिका वाटून झाल्या होत्या. केनवडहून तुझ्यासाठी साड्या आल्या होत्या. तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, वेणी घालायला माझ्या पुढ्यात बसायचीस. त्या पाच वेळांत मी हे सगळे विचारात घेतले असे म्हणणे खोटे होईल. मी काहीच विचार केला नाही. मान हलली.

जतन, त्या कार्डावर विसंबू नकोस. ते मी लिहिले आहे, तुझ्या हाताने लिहिलेले नाही. बुधवारी ये.

तारामती


शिरपूर, ता. ६ फेब्रुवारी १९५६, सोमवार

जतन,

तू आली नाहीस. रागावून पत्र फाडशील असे मला वाटले होते. सोनीबाई सांगते की तू ते सावकाश वाचलेस, चुलीत घातलेस, जळेपर्यंत बघत बसलीस आणि एवढेच विचारलेस, "दादाले माहीत हाय का?"

नाही. तुझ्या दादांना काही माहीत नाही. त्यांनी शेड दिली ती जीवदयेचे काम म्हणून, मला बसू दिले तेही त्याच भावनेने. मी कोणत्या तोंडाने सांगू?

मी मागच्या पत्रात अर्धेच सांगितले. चार दिवस हे डोक्यातून जात नाही. सामायिकाला बसले की मन माळेवर राहत नाही, उठून पुन्हा हात धुते, पुन्हा बसते. काल आयंबिल होते, एकवेळच्या अळणी जेवणाचे व्रत, तरी स्वयंपाकघरात चार चकरा मारल्या. उरलेले लिहून टाकते.

त्या दिवशी तू बांगड्या चढवत होतीस तेव्हा बाईंनी तुझ्या कोपरामागची नस चाचपली होती, आठवते? तू गुदगुल्या होतात म्हणून हसलीस. बाई मला म्हणाल्या, "कापूस तर सगळीकडे समजतो. पण ही नस मला जाड लागते. तीन महिन्यांनी यांना पुन्हा आणा." मी तुला सांगितले, साफ आहे म्हणाल्या. वैशाखात त्यांनी आठवण काढली, "आपली नणंद आली नाही?" मी म्हटले, सासरी सुखात आहे. त्यांनी कार्ड परत पेटीत ठेवले. तेव्हा आली असतीस तर करंगळी सरळ राहिली असती. हे माझे म्हणणे नाही, अशाच एका रोग्याला डॉक्टरीणबाई हे सांगत होत्या आणि मी शेजारी बसून कार्ड लिहीत होते.

आणि भाऊबीज. उकळत्या दुधाचे पातेले तू डाव्या हाताने काठाला धरून उतरवलेस आणि दादांशी बोलत राहिलीस. मी पाहिले. त्या क्षणी मला सगळे कळले. मी काय करायला हवे होते? तुला हाताला धरून शेडमध्ये न्यायला हवे होते, शेड दोनशे पावलांवर. मी काय केले? दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा पेला वेगळ्या कोनाड्यात ठेवला. मुलांसाठी, असे मनाशी म्हटले. तू तो कोनाडा पाहिलास आणि पहिल्या मोटारीने गेलीस.

ज्यांचा रोग नुसता नसेत आहे त्यांच्यापासून दुसऱ्याला तो सहसा लागत नाही, हे मी बाईंच्या तोंडून वीस वेळा ऐकले आहे. शंभर बायकांना मीच ते समजावून सांगितले आहे. आणि घरी तुझा पेला वेगळा.

गेल्या संवत्सरीला तुला क्षमापनेचे छापील पत्र पाठवले होते. वाशीमच्या छापखान्यातले, सगळ्या नातेवाइकांना एकच. जाणता अजाणता काही अपराध घडला असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पाकिटावर तुझे नाव लिहिताना मी थांबले होते, मग पुढचे पाकीट घेतले. जाणता काय घडले ते त्यात छापलेले नव्हते. ते मागच्या आणि या पत्रात आहे.

आता दुसरेच सुरू झाले आहे. सोनीबाई तुझ्याकडून परतली ती सरळ माझ्या ओट्यावर येऊन बसली. तिने ताडले असणार: कार्ड साफ असल्याचा तुझा निरोप तिनेच आणला, बोट तिनेच ओळखले, आणि तिच्यासमोरच पत्र जाळलेस ना. मला म्हणाली, "बाई, एक खरं सांगा. माह्या कार्डावर बी तुमीच मान हालवली होती का?"

मी म्हटले, नाही ग, तुझे सगळे खरे आहे.

"तुमी म्हणता," ती म्हणाली, आणि डिंकाची टोपली उचलून गेली.

तुझी भाभी


शिरपूर, ता. १६ फेब्रुवारी १९५६, गुरुवार

जतन,

काल मी बाईंना सांगितले.

सोनीबाईच्या त्या दोन शब्दांनी मला घरात बसू दिले नाही. काल शिबिरात बायका हात पुढे करीत होत्या, माझा हात दाबत होत्या, आणि मला प्रत्येक वेळी वाटत होते, खरेच दाबला का मला वाटला? एका म्हातारीला तर मी दोनदा विचारले. सगळ्या गेल्यावर जगदेव नळ्या धूत होता, त्याला मी बाहेर जायला सांगितले आणि बाईंसमोर तुझे कार्ड ठेवले. सात आणि बारा, दोन्ही सांगितले. नसेचे सांगितले. वैशाखातले सांगितले.

त्या ओरडतील असे वाटत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग पेटी ओढली आणि कार्डे वेगळी करू लागल्या. मी आधी समजले नाही. माझ्या अक्षरातले प्रत्येक कार्ड त्या बाजूला काढीत होत्या. दोन वर्षांतल्या सगळ्या बायका. एकशे त्रेसष्ट. सुतळीने बांधून म्हणाल्या, "ही आता पुस्तकात येणार नाहीत."

मी रडवेली झाले. म्हटले, बाई, एकच खोटे आहे, बाकी सगळी खरी आहेत, देवाशपथ.

"आपण म्हणता एकच," त्या म्हणाल्या. "आपल्या म्हणण्यावरच ही सगळी उभी होती."

जतन, त्यांची आधीची कार्डे आगीने नेली. ही मी नेली. मला वाटले होते मी तुझ्यापुरते केले.

गठ्ठा पेटीच्या तळाशी ठेवून त्यांनी विचारले, "त्या कुठे आहेत?" मी म्हटले केनवड, गाडी असली तर तासाभराची वाट, आत्ता जाऊ. तेव्हा मात्र त्या चिडल्या. म्हणाल्या की त्यांची जीप ज्या दारापुढे उभी राहते ते दार गाव विसरत नाही. एकदा एका गावी त्या अशाच घरी गेल्या आणि आठ दिवसांत ती बाई घराबाहेर होती. आता त्या कुणाच्या दारी जात नाहीत.

मग बोलता बोलता ठरले ते असे. सोमवार, पाच मार्च, केनवडच्या शाळेच्या पडवीत सगळ्या बायकांसाठी शिबिर. दुखणे असो नसो, दुकानदारांच्या घरच्या, शेतकऱ्यांच्या, तांड्यावरच्या, सगळ्यांचे हात पाहणार. सगळ्या आल्या की कोण कशासाठी आली ते कळत नाही. पण आपल्या लोकांतल्या बायका तांड्यावरच्या बायकांशेजारी बसायला येणार नाहीत, हे मी बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "आपण पहिल्या बसा." म्हणजे मी, शिरपूरच्या मांगीलालजींची बायको, सगळ्यांसमोर हात पुढे करून. मी हो म्हटले. रात्री दिव्यापाशी माझेच हात उलटसुलट करून पाहिले. मी तुझ्याबरोबर बारा वर्षे एका ताटात जेवले आहे, माझा हात कुणी कधी पाहिलेला नाही.

आणखी एक. आता कुणाचा हात धरायचा नाही. पडवीला चादरी लावू, पुरुष आत नाही, जगदेवसुद्धा नाही. प्रत्येकीने आपल्या तोंडाने सांगायचे, लागले की नाही. एकही बोलणार नाही, मी बाईंना म्हटले. त्या म्हणाल्या, "मग कोरी राहू देत. कोरे कार्ड खोटे नसते."

मी तिथे कार्डे लिहिणार नाही. ते काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतले.

सासूबाईंना सोबत घेऊन ये, म्हणजे शंका येणार नाही. किंवा येऊ नकोस, तुझी मर्जी. नाही, असे मी लिहायला नको. ये. बाई म्हणतात तीन बोटे अजून वाचतील.

तारामती


शिरपूर, ता. ८ मार्च १९५६, गुरुवार

जतन,

तू आलीस. मला पाहिलेस आणि नजर काढून घेतलीस. बरोबर केलेस.

सोमवारी तुझे डोळे मिटलेले होते. मी चादरीला लागून बसले होते आणि मला सगळे दिसत होते. तुला जे दिसले नाही ते मी लिहिते, आणि या वेळी पाहिले तसेच लिहिते.

तू येण्याआधी मी पहिली बसले. तुमच्या गल्लीतल्या बायका पदराआडून बघत होत्या. एकीने म्हटलेले मला ऐकू आले, "शिरपूरच्या शेठाणीले काय झालं हो?" मी डोळे मिटले. बाई "आता?" विचारायच्या, मी मोठ्याने सांगायचे. मला सगळीकडे कळले. हात साफ आहे. उठताना मला हलके वाटायला हवे होते. तसे वाटले नाही.

सोनीबाई दुसरी बसली, कोणी न सांगता. "लागलं, लागलं, नाई, नाई, हे काय तुमी गुदगुल्या करून राह्यल्या काय," अशी बडबडत. बायका हसल्या आणि मग एकेक येऊ लागली.

तू सासूबाईंच्या मागून आलीस. तुझी पाळी आली तेव्हा त्या बाईंना म्हणाल्या, "माही सून कोनापुढं बोलत नाई." आणि तुझ्याकडे हात पुढे केला: "बेटा, माह्या हातावर दाब. मी सांगतो त्याईले."

बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग तुझ्याकडे.

तू उजवा हात त्यांच्या हातात दिला नाहीस. पदराखाली मांडीवर ठेवलास. डावा पुढे केलास आणि डोळे मिटलेस.

बाईंनी करंगळीच्या टोकाला कापूस टेकवून विचारले, आता? तू म्हणालीस, नाही. करंगळीच्या मधल्या पेरावर, नाही. तिच्या शेजारच्या बोटावर, नाही. मधल्या बोटावर, हो. तळहाताच्या कडेला टेकवला तेव्हा तू थांबलीस, म्हणालीस, "नाई. इथं नाई समजलं." एकदा त्यांनी कापूस हवेतच धरला आणि नुसते "आता?" विचारले. तेव्हाही तू नाही म्हणालीस, आणि तेही खरे होते. तुझा आवाज पडवीच्या टोकापर्यंत जात होता. सासूबाईंनी पुढे केलेला हात कधी मागे घेतला ते मला दिसले नाही, मी तुझ्याकडे बघत होते.

कार्ड बाईंनी स्वतः लिहिले. दोन बोटे पूर्ण सरळ होणार नाहीत, जे गेले ते परत येणार नाही, जे आहे ते राखता येईल, हे त्यांनी तुला सांगितले. तू मान डोलावलीस आणि गोळ्या किती दिवस ते विचारलेस. वर्षानुवर्षे. त्या गेल्यावर मिशनची नर्स महिन्यातून एकदा वाशीमला येईल, तिच्याकडे तुझे कार्ड राहील. कोपराला बांधायची पट्टी बाई जाण्याआधी स्वतः बांधून दाखवणार.

तू गेल्यावर मी त्यांना विचारले, हे कार्ड पुस्तकात येईल का? त्या म्हणाल्या, "हे पहिले." आणि पेटीतल्या त्या सुतळीच्या गठ्ठ्याकडे न बघता पुढच्या बाईला बोलावले. बोटीपर्यंत त्यांना आणखी चाळीस जणी पाहायच्या आहेत. सोनीबाई तांड्यावरून बायका आणते. मी सगळ्यांचे पाणी भरते.

घरी गेल्यावर काय झाले ते आज सोनीबाईकडून कळले. सासूबाई म्हणतात, हिला माहेरी पोचवा. खेमचंदजी दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, मी स्वतः मोटारीने सोडून येतो, शुक्रवारी. परत कधी नेणार ते त्यांनी सांगितले नाही. ते मी अंदाजाने गोड करून लिहिणार नाही. मला माहीत नाही.

आणि तुझा निरोप मिळाला: "मी येतो. पन माह्याबद्दल कोनाले काही सांगायचं असन, तं मीच सांगीन. भाभीनं सांगू नोको."

हे पत्र उद्या तुझ्याच हातात देईन. तुझे दादा सकाळपासून विचारतात, जतन अशी एकाएकी कशी येते, खेमचंदजी सोबत कसे, काही भांडण झाले का. दहा वेळा माझ्या ओठावर आले. मी म्हटले, ती आल्यावर तिलाच विचारा. ते म्हणाले, तुला माहीत नाही असे या घरात कधी काही असते का? मी म्हटले, असते, आणि मला माहीतही आहे, पण सांगायचे तिने आहे.

ते ओट्यावर बसून आहेत. पुन्हा विचारतील. उद्या मोटार येईपर्यंत मला गप्प राहायचे आहे.

तुझी भाभी